विषय: उत्तर: गणपतीचा नोंदणी फॉर्म (आणि माझा गळलेला ‘एन’)

क्रॉयडनहून, रविवार रात्र

मंडळी, नमस्कार.

फॉर्मवर जन्मतारीख कशाला, हा वाद वाचला. दिलेली माहिती कुठं कुठं पोचते, त्यावरून आमच्या घरातलं सांगतो. काउन्सिलच्या (म्हणजे इथल्या, ब्रिटनमधल्या स्थानिक पालिकेच्या) मतदार यादीत आमच्या आडनावातला एक ‘एन’ गळलाय. दोन वर्षं दुरुस्तीचा कंटाळा केला, तोच कामी आला! गेल्या महिन्यात अंत्यविधीच्या विम्याचं पत्र आलं (या वयात अशीच प्रेमपत्रं येतात), पाकिटावर आडनाव बिन-एनचं. बँक, दवाखाना, विजेचं बिल, सगळीकडे स्पेलिंग बरोबर आहे. म्हणजे माहिती कुठून गेली ते उघड.

इथं याद्या दोन. एक पूर्ण, निवडणुकीची. दुसरी ‘ओपन रजिस्टर’, ती नाव-पत्त्यासकट कोणीही पैसे टाकून विकत घ्यावी. राष्ट्रकुलातले म्हणून भारतीय पासपोर्टवरही आपल्याला इथं मतदान करता येतं, तेव्हा आपल्यातले बरेच जण तिच्यात असणार. नोंदणी करताना ‘नको’ म्हटलं नसेल, तर नाव तिथं जातंच.

काउन्सिलच्या निवडणूक कार्यालयाला दोन ओळी लिहिल्या, ओपन रजिस्टरमधून नाव निघालं. आधी विकल्या गेलेल्या प्रती थोड्याच परत येतात? म्हणून त्या विमावाल्यांनाही कळवलं की जाहिरातीसाठी माझी माहिती वापरू नका. यावर त्यांना सबब सांगता येत नाही, कायदाच तसा आहे.

रेडिंगहून, सोमवार

काका, नाव काढलं तर क्रेडिट स्कोअर (कर्जासाठी बघतात ती पत) पडेल का? आम्ही घर बघतोय, हे घाबरलेत.

क्रॉयडनहून

नाही गं. पत तपासणाऱ्या क्रेडिटवाल्यांना पूर्ण यादी मिळते, तिच्यात नाव राहतंच. मतदानालाही काही होत नाही. तुझ्या यांना म्हणावं, व्याजदराला घाबरा.

चिटणीस, मंगळवार

काका, टोमणा पोचला. जन्मतारखेचा रकाना काढलाय, आता फक्त ‘पाच वर्षांखालची मुलं किती’. स्टॉल लावणाऱ्या गृहकर्ज सल्लागारांनी सभासदांची यादी मागितली होती, त्यांना ‘नाही’ म्हणून कळवलं. गेल्या वर्षीची नोंदणीची ऑनलाइन शीट उघडून पाहिली तर लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला दिसत होती! पुसली. अ‍ॅलर्जीचं मात्र विचारणार, कोशिंबिरीत दाण्याचं कूट असतं. तीही शीट विसर्जनानंतर पुसतो.

मोदकांचा आकडा गुरुवारपर्यंत कळवा. तांदळाची पिठी एकदाच आणणार आहोत.