मदत हवी आहे: फायबर बोटीवर ईपर्ब कुठे बसवावा?

दिवाळेकर
बोट दिवाळे गावच्या जेट्टीला असते. २८ फूट, फायबर, आउटबोर्ड इंजिन, वर पाच जण. खाडी सोडून खांदेरीच्या पुढे जाणं होतं. दुबईहून एक ईपर्ब (संकटात उपग्रहामार्फत इशारा पाठवणारं बोटीचं यंत्र) आलाय, सोबत बुडल्यावर आपोआप सुटणारी पेटी. ती केबिनच्या टपावर बसवू का? तो चालतो की नाही ते कसं बघायचं? नोंदणी कुठे होते?

उधाण
बसवा, पण त्या पेटीच्या भरवशावर राहू नका. तिच्यातलं हायड्रोस्टॅटिक रिलीज पाण्याच्या दाबावर चालतं: दीड ते चार मीटर खोलीवर स्प्रिंग सुटते, पातं प्लास्टिकचा बोल्ट कापतं, झाकण उडतं आणि ईपर्ब वर येतो. तळाला जाणाऱ्या ट्रॉलरसाठी हे उत्तम. फायबरची छोटी बोट मात्र उलटते आणि पोट वर करून तरंगते. टप तेवढा खोल जाईलच असं नाही, आणि ईपर्ब सुटला तरी बोटीखालीच अडकेल. अँटेना पाण्याखाली असेल तर सिग्नल जात नाही.

तुमच्या बोटीला हाताने काढायचा साधा ब्रॅकेट बरा. केबिनच्या आत नको, बाहेर, सुकाणूवाल्याच्या हाताशी. शिवाय तांडेलाच्या लाइफ जॅकेटला एक पीएलबी, म्हणजे माणसाने अंगावर बाळगायचं तसंच छोटं यंत्र. पण पीएलबी पाणी लागून आपोआप सुरू होत नाही. अँटेना उघडायची, बटण दाबायचं, आकाशाकडे धरायचं. तो किमान २४ तास चालतो, ईपर्ब ४८.

आणि ईपर्बची दोरी बोटीला बांधू नका! ‘हरवायला नको’ म्हणून लोक नेमकं हेच करतात, मग बोट बुडताना त्यालाही खाली ओढते. ती दोरी आपण पाण्यात उतरल्यावर राफ्टला किंवा माणसाला बांधायला दिलेली असते.

चारशेसहा
दुबईचा असेल तर आधी कोडिंग बघा. लेबलवर १५ अक्षरी हेक्स आयडी (यंत्राचा ओळख क्रमांक) असतो, त्यात देशाचा कोड दडलेला असतो. भारताचा ४१९, तिकडचा ४७०. तसाच वापरलात तर इशाऱ्यावर मालकाची चौकशी तिकडे होईल, इथे नाही. अधिकृत डीलरकडून ४१९ ने री-कोड करून घ्या. नोंदणी बेंगळुरूला, इस्रोच्या इस्ट्रॅकमधल्या मिशन कंट्रोल सेंटरकडे. आपल्या भागातला इशारा तिथून तटरक्षक दलाच्या मुंबईतल्या बचाव केंद्राला जातो. संपर्काला किनाऱ्यावरच्या माणसाचा नंबर द्या. बोटीवर असणाऱ्याचाच दिला तर फोन उचलणार कोण?

दिवाळेकर
जेट्टीवर मिनिटभर ऑन करून बघितलं तर?

चारशेसहा
अजिबात नको. ऑन केल्यावर साधारण मिनिटभरात पहिला संदेश जातो, तो खरा इशाराच धरतात. फक्त टेस्टचं बटण, महिन्यातून एकदा. दिव्याचा अर्थ मॅन्युअलमध्ये बघा, मॉडेलनुसार बदलतो. जीपीएसची वेगळी टेस्ट असेल तर ती उघड्यावर करा आणि जपून, काही मॉडेलांत ती मोजक्याच वेळा करता येते. चुकून सुरू झालाच तर बंद करून लगेच तटरक्षक दलाच्या १५५४ ला कळवा. गुपचूप बंद केलात तर शोध सुरूच राहतो.

उधाण
चुकून सुरू होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बोट धुणं. ब्रॅकेटमधलं चुंबक पाणी लागताच ईपर्ब सुरू करणारा स्विच रोखून धरतं. बाहेर काढून ओल्या फळीवर ठेवला की तो सुरू झालाच. पावसाळ्यात बोट वर ओढाल तेव्हा ब्रॅकेटसकट घरी न्या. मासेमारीबंदीतच तारखाही बघून घ्या: रिलीज बसवल्यापासून दोन वर्षं, बॅटरीची लेबलवर. बाहेरचे सेल घालू नका, पाण्याची सील जाते. निकामी झालेला तसाच तुर्भ्याच्या भंगारात देऊ नका. आधी बॅटरी काढून घ्या, नोंदणी रद्द करा.

दिवाळेकर
नोंदणी होईपर्यंत व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनेलवर भागेल?

चारशेसहा
खाडीत भागेल, मोबाईललाही रेंज असते. खांदेरीच्या पुढे हातातल्या पाच वॉटच्या सेटवर नाही. तोवर अलीकडेच राहा.