रोबोटिक ऑपरेशनमध्ये डॉक्टरला आतलं कसं कळतं?

जोशी काका: सर्वांना नमस्कार. मोठ्या भावाच्या किडनीत छोटी गाठ निघाली आहे, डॉक्टर म्हणतात रोबोटने फक्त गाठ काढू, किडनी वाचेल. घरात सगळे घाबरलेत. मशीन आपलं आपण कापत सुटणार का? ग्रुपवर कुणाला माहिती असेल तर सांगा.

अनिकेत: काका रोबोट स्वतःहून काही करत नाही. डॉक्टर कन्सोलवर, म्हणजे रोबोट चालवायच्या टेबलाशी, त्याच्या दुर्बिणीत डोकं घालून बसतात आणि हात हलवतात तशी आतली अवजारं हलतात, हाताची थरथर मशीन गाळून टाकतं. दा विंची नावाचा जो ऑपरेशनचा रोबोट आहे त्याच्या कन्सोलमध्ये तर डॉक्टरांनी डोकं बाहेर काढलं की सेन्सरला कळतं आणि अवजारं जागीच थांबतात.

जोशी काका: बरं वाटलं ऐकून. पण बोटाला कळतं ना कडक काय मऊ काय, ते कसं समजणार?

स्मिता ताई: काका मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे, रोबोटच्या केसेसना असते. अगदी मुद्द्याचं विचारलंत. दा विंचीला अमेरिकेत 2000 साली परवानगी मिळाली, तेव्हापासून कितीतरी वर्षं डॉक्टरच्या बोटांना आतला जोर जाणवतच नव्हता, सगळी भिस्त डोळ्यांवर. दुर्बीण दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं देते म्हणून खोली कळते, शिवाय दहापटीपर्यंत मोठं दिसतं. टाका ओढताना दोरा किती ताणला गेलाय, टिश्यू पांढरी पडतेय का, हे बघून जोर ओळखायचा, आणि हे सरावानेच येतं, नवीन माणसाच्या हातून दोरा तुटतो. 2024 मध्ये दा विंची 5 ला मंजुरी मिळाली, त्यात जोर मोजणारी खास अवजारं आहेत पण सगळीकडे ते मशीन नाहीये. म्हणून मशीन नवं का जुनं यापेक्षा डॉक्टरांनी ह्याच ऑपरेशनच्या किती केसेस केल्यात ते विचारा, त्यात संकोच नको.

कुलकर्णी वहिनी: मी एका व्हिडिओत आतलं सगळं हिरवं चमकताना पाहिलं, ते काय असतं?

स्मिता ताई: वहिनी ते आयसीजी, म्हणजे इंडोसायनिन ग्रीन नावाचं रंगाचं औषध. शिरेतून देतात, रक्तातल्या प्रोटीनला चिकटतं आणि इन्फ्रारेड प्रकाश टाकला की चमकतं, तो प्रकाश आपल्या डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतो, मग मशीन पडद्यावर हिरवा रंग भरून दाखवतं. किडनीत याचा फार उपयोग. गाठीकडे जाणारी रक्तवाहिनीची एक फांदी क्लॅम्प करून, म्हणजे चिमट्याने बंद करून, हे औषध सोडलं की रक्त जातंय तो भाग हिरवा, बंद झालेला भाग काळा, लगेच कळतं क्लॅम्प बरोबर बसला की नाही. गाठसुद्धा बऱ्याचदा काळी राहते, पण नेहमीच नाही, त्यामुळे नुसत्या रंगावर विसंबून कापत नाहीत. अल्ट्रासाउंडचा म्हणजे सोनोग्राफीचा छोटा प्रोब आत सोडतात, रोबोटच्याच हाताने तो किडनीवर फिरवतात आणि गाठ किती खोल आहे ते कन्सोलमध्येच शेजारी दिसतं. मला स्वतःला तो क्षण सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण कुठून कापायचं ते तिथे ठरतं.

अनिकेत: ताई सीटी स्कॅन आहे ना आधीचा, तोच पडद्यावरच्या आतल्या चित्रावर चढवला तर?

स्मिता ताई: गुडघ्याच्या काही रोबोटमध्ये तसंच करतात, हाडाला ट्रॅकर लावून सीटीशी जुळवतात, हाड आकार बदलत नाही म्हणून जमतं. पण किडनीच्या ऑपरेशनला पोटात गॅस भरतात, पेशंट कुशीवर असतो, श्वासाबरोबर किडनी हलते, मग आधीचं चित्र तंतोतंत बसत नाही. त्यावर काम चालू आहे.

जोशी काका: स्मिता, एक राहिलं. त्याला सीटीच्या वेळी इंजेक्शन दिल्यावर अंगभर पित्त उठलं होतं.

स्मिता ताई: काका हे आजच डॉक्टरांना आणि भूलतज्ज्ञांना सांगा, फाइलवर लिहूनच घ्या. सीटीच्या इंजेक्शनात आयोडीन असतं आणि आयसीजीतही थोडं आयोडाइड असतं, द्यायचं की नाही ते तेच ठरवतील. ते न देताही क्लॅम्प आणि अल्ट्रासाउंडवर हे ऑपरेशन होतं, काळजी करू नका.

जोशी काका: आत्ताच फोन लावतो.