डेबियन सुरू होताना दीड मिनिटाचा खोळंबा आणि ‘भविष्यातल्या’ वेळेची तक्रार

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका):
नमस्कार. आमच्या घरी बराच जुना डेस्कटॉप संगणक असून त्यावर फक्त डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे. वडिलांनी गावच्या वाचनालयाच्या पुस्तकांची यादी आणि देवघेवीची नोंद त्यातच ठेवलेली असल्यामुळे तो बिघडला तर नुकसान आमच्या घरापुरते राहणार नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज वारंवार जाते, म्हणून रात्री संगणकाचे भिंतीवरचे बटणही बंद करून झोपतो. गेल्या पंधरा दिवसांपासून सकाळी काळ्या पडद्यावर अनोळखी ओळी उमटतात. सुरुवातीला ‘एसीपीआय एरर’ अशा दोन-तीन ओळी येतात. मग अर्धा मिनिट काहीच होत नाही आणि ‘गेव्ह अप वेटिंग फॉर सस्पेंड/रिझ्यूम डिव्हाइस’ असे दिसते. त्यानंतर सुपरब्लॉकमधील शेवटच्या माउंटची वेळ भविष्यातली असल्याचे सांगून पुढे ‘फिक्स्ड’ असे येते. शेवटी ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ या ओळीपुढे अंक-अक्षरांची लांबलचक माळ आणि दीड मिनिटाचा मोजणारा आकडा दिसतो. एवढे झाल्यावर मात्र संगणक नेहमीसारखा चालतो. डिस्क खराब होत आहे का?

वेदगंगा (निपाणी):
ताई, या ओळींची कारणे वेगवेगळी असावीत, म्हणून त्या एकत्र बांधून घाबरू नका. तरीही वाचनालयाची फाइल आजच पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. बाकीचे सगळे त्यानंतर.

मी फक्त वेळेच्या ओळीबद्दल लिहितो. डिस्कवरील फाइल प्रणाली शेवटची कधी जोडली गेली (म्हणजे माउंट झाली) याची वेळ सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे तिच्या स्वतःच्या माहितीच्या नोंदीत, लिहिलेली असते. सुरू होताना एफएससीके ही तपासणी ती वेळ संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहते. घड्याळच मागे गेले असेल, तर कालची खरी वेळ तिला उद्याची वाटते. फरक एका दिवसापेक्षा कमी असेल तर संदेशातच कंसात तसे लिहिलेले असते. विंडोज आणि लिनक्स एकाच यंत्रावर असतील, तर विंडोज घड्याळ स्थानिक वेळेवर आणि लिनक्स ते जागतिक वेळेवर धरते, त्यातून साडेपाच तासांचा फरक पडतो. आपल्याकडे एकच प्रणाली आहे आणि रात्रभर वीज पूर्ण बंद असते, त्यामुळे मदरबोर्डवरील गोल सेल संपला असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. सकाळी सुरू करताच बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर, जाऊन तारीख पाहा. ती काही वर्षे मागे गेलेली दिसली, तर शंका उरणार नाही.

सेल सहसा सीआर २०३२ असतो, ३ व्होल्टचा; घड्याळाच्या दुकानातही मिळतो. प्लग काढून, सुरू करण्याचे बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या आणि अधिक चिन्ह वर ठेवून नवा सेल बसवा. हे काम लांबवू नका. इंटरनेट नसेल तर डेबियन आदल्या दिवशी जपून ठेवलेल्या वेळेपासून पुढे मोजू लागते, म्हणजे सकाळी दिलेल्या पुस्तकाच्या नोंदीवर कालची तारीख पडू शकते.

चिकोडीकर:
इतके संदेश येत असतील तर सगळे पुसून डेबियन नव्याने टाकणे सोपे पडेल, असे माझे मत आहे.

शहापूर-बेळगाव:
या सल्ल्याशी मी सहमत नाही. संपलेला सेल नव्या डेबियननेही भरून निघणार नाही, आणि पुसापुशीत वाचनालयाची नोंद मात्र धोक्यात येईल. ताई, अलीकडे कोणी डिस्कच्या विभागांना हात लावला होता का?

मलप्रभाकाठ:
हो. भाच्याने महिन्यापूर्वी शेजारच्या विभागात दुसरी एक लिनक्स टाकून पाहिली आणि नंतर काढून टाकली. त्याचा संबंध असेल असे मला वाटले नव्हते.

शहापूर-बेळगाव:
खोळंबा करणाऱ्या दोन्ही संदेशांचे मूळ तेथेच आहे. दुसरी लिनक्स टाकताना तिचा इन्स्टॉलर पूर्वीचा स्वॅप विभाग (मेमरी कमी पडल्यास वापरायची डिस्कवरील जागा) पुष्कळदा नव्याने फॉरमॅट करतो, आणि त्याबरोबर त्या विभागाची ओळख, म्हणजे यूयूआयडी, बदलते. आपले डेबियन मात्र जुन्याच ओळखीची वाट पाहत बसते. दिसणारी ती लांब माळ म्हणजे जुना यूयूआयडी आणि दीड मिनिट म्हणजे सिस्टमडीने, म्हणजे सुरू होताना सगळी कामे चालू करणाऱ्या प्रोग्रामने, ठरवलेली ९० सेकंदांची मुदत. स्वॅप नसला तरी संगणक पुढे सरकतो. साध्या डेटाच्या विभागाची ओळख अशी चुकली असती, तर तो आणीबाणीच्या अवस्थेत जाऊन पासवर्ड मागत थांबला असता.

टर्मिनलवर रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून बीएलकेआयडी ही आज्ञा चालवा आणि स्वॅपपुढचा नवा यूयूआयडी पाहून घ्या. ईटीसी फोल्डरमधील एफएसटॅब फाइलची (सुरू होताना जोडायच्या विभागांची यादी) आधी एक प्रत काढा, मग स्वॅपच्या ओळीत जुन्याऐवजी नवा यूयूआयडी चिकटवा. हाताने टंकू नका, एक अक्षर चुकले तरी खोळंबा तसाच राहील. एवढ्यावर पुष्कळजण थांबतात आणि अर्ध्या मिनिटाचा खोळंबा उरतोच, कारण जुनी ओळख आणखी एका ठिकाणी लिहिलेली असते: ईटीसीतील इनिटरामएफएस-टूल्सच्या कॉन्फ-डी फोल्डरमध्ये रिझ्यूम नावाची फाइल. संगणक हायबरनेट (मेमरी डिस्कवर जपून बंद) करत नसाल तर तेथे रिझ्यूमपुढे ‘नन’ लिहा, करत असाल तर नवा यूयूआयडी लिहा. शेवटी अपडेट-इनिटरामएफएस ही आज्ञा ‘वजा यू’ जोडून चालवा, नाहीतर बदल इनिटरामएफएसमध्ये, म्हणजे सुरू होताना सर्वांत आधी वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये, उतरत नाही.

एसीपीआयच्या (वीज आणि उपकरणे सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) ओळी बहुधा बायोसमधील उणिवांमुळे येतात. यंत्र नीट चालत असेल, तर त्यांच्यामागे लागू नका. आपल्या डिस्कच्या शंकेसाठी स्मार्टसीटीएल ही डिस्कची प्रकृती दाखवणारी आज्ञा चालवून ५ आणि १९७ क्रमांकांच्या ओळी पाहा. खराब म्हणून बदललेले आणि संशयास्पद म्हणून प्रलंबित असलेले सेक्टर (डिस्कचे छोटे तुकडे) तेथे मोजलेले असतात.

मलप्रभाकाठ:
वाचनालयाच्या नोंदीची प्रत प्रथम काढली. बायोसमध्ये तारीख खरोखरच कित्येक वर्षे मागे गेलेली होती. काल बेळगावला गेले तेव्हा खडेबाजारातून सेल आणला आणि बसवला. रात्रभर वीज बंद ठेवूनही आज तारीख बरोबर होती. यूयूआयडी दोन्ही ठिकाणी बदलले. एफएसटॅब दुरुस्त केल्यावर खरोखरच अर्ध्या मिनिटाचा खोळंबा उरला होता, रिझ्यूमची फाइल बदलल्यावर तोही गेला. ५ आणि १९७ या दोन्ही ओळींत शून्य आहे. एसीपीआयच्या ओळी अजून येतात, त्या तशाच राहू देते. पंधरा दिवसांतील सकाळच्या नोंदींच्या तारखा वडील आता कागदी वहीशी ताडून पाहत आहेत. आतापर्यंत चार चुकीच्या सापडल्या.