१४ वर्षं फुटबॉलमध्ये फॉरवर्ड खेळलो, आता पोरांना शिकवायचंय. जमेल का?

नऊ_नंबर (येरवडा):
वय ३४. फॉरवर्ड म्हणून नऊ टीमकडून खेळलो. तीन पुण्याच्या लीगमधल्या, दोन मुंबईतल्या ऑफिसच्या, एक सीझन गोव्यात, बाकी जिथे बोलावतील तिथे. पुणे एफसीच्या ट्रायलला बालेवाडीला दोनदा गेलो, घेतलं नाही. मग २०१५ ला पुणे एफसी आणि पुण्यातलाच दुसरा क्लब भारत एफसी, दोघांच्याही सीनियर टीम बंद झाल्या, २०१९ ला एफसी पुणे सिटीही गेली. पुण्यात राहून वर चढायची वाटच उरली नाही. एका क्लबकडे तीन महिन्यांचे पैसे अडकले ते अडकलेच.

आता डावा गुडघा साथ देत नाही. घराजवळच्या शाळेत १३ वर्षांखालच्या टीमला शिकवाल का, म्हणून विचारलंय. रविवारी जाऊन आलो. एका पोराने विचारलं, "सर, बॉल कुठे पडणार ते तुम्हाला आधीच कसं कळतं?" मी म्हणालो, "कळतं." तो पुढचं ऐकायला उभाच राहिला आणि माझ्याकडे पुढचं काही नव्हतं. रात्रभर तेच डोक्यात. जे मलाच सांगता येत नाही ते शिकवणार कसं?

पिंपरी_गोली:
आधी डी लायसन्स कर, म्हणजे कोचिंगचं सुरुवातीचं लायसन्स. सहा दिवसांचा कोर्स आहे, प्रत्यक्ष सेशन घ्यायला लावतात. खालिद जमील बघ, महिंद्र, एअर इंडिया, मुंबई एफसी असा खेळला, मग कोच झाला. २०१७ ला ऐझॉल क्लबला आय-लीग ही देशपातळीवरची लीग जिंकून दिली आणि २०२५ पासून भारताचा कोच आहे.

नऊ_नंबर:
पण तो मिडफिल्डर. त्याला सगळं मैदान दिसायचं. मी आयुष्यभर गोलकडे तोंड करून उभा.

जुना_फॉरवर्ड (कॅम्प):
मित्रा, मीही फॉरवर्ड आणि मीही टीम बदलत राहिलो. गेली ११ वर्षं पोरांना शिकवतोय. सुरुवातीला माझंही असंच झालं. मग धोबीघाटच्या मैदानावर एका दोस्ताला क्रॉस, म्हणजे कडेने गोलसमोर बॉल, टाकायला लावले आणि भावाला मोबाईलवर माझं शूटिंग करायला सांगितलं. बॉलवर नाही, फक्त माझ्यावर. घरी बघितलं तर मी बॉलकडे बघतच नव्हतो. विंगरची, म्हणजे कडेने क्रॉस टाकणाऱ्याची, मान खाली गेली की मी निघायचो, कारण मान खाली गेली म्हणजे तो आता मारणार. त्याआधी दोन पावलं लांबच्या पोस्टकडे टाकायचो, डिफेंडरच्या पाठीमागे. त्याला एका वेळी बॉल तरी दिसणार नाहीतर मी. तो बॉलकडे वळला की मी त्याच्यापुढून नियर पोस्टला, म्हणजे जवळच्या पोस्टला. हे सगळं मी वीस वर्षं करत होतो आणि एकदाही शब्दांत मांडलं नव्हतं.

म्हणजे तुला येतंय, फक्त स्वतःला बाहेरून बघ. लायसन्स करच, पण हे तिथे कुणी तुझ्या वतीने करणार नाही.

आणि नऊ टीम फिरलास ते कमी समजू नकोस. उरुग्वेचा सेबास्तियन अब्रेऊ ३० हून जास्त क्लबकडून खेळला. २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये घानाविरुद्ध शेवटची पेनल्टी चिप करून, म्हणजे बॉल हळूच वर उचलून, मारणारा तोच, आणि पुढे कोच झाला. दर सीझनला नव्या ड्रेसिंग रूममध्ये अनोळखी म्हणून शिरणं काय असतं, हे एकाच क्लबात वाढलेल्याला कसं कळणार? तुझ्याकडे २२ पोरं असतील तर ११ बसणार. ज्याला बसवशील त्याला आदल्या दिवशी स्वतः सांग, कारणासकट. मला बहुतेक ठिकाणी शर्ट वाटताना कळायचं. पोटात जो खड्डा पडायचा तो अजून आठवतो.

पिंपरी_गोली:
गोली म्हणून सांगतो, नियर पोस्टला आडवा येणारा फॉरवर्ड सगळ्यात त्रासदायक. हेच शिकव.

नऊ_नंबर:
दादा, मंगळवारी एसएसपीएमएसच्या मैदानाच्या कडेला बायकोला मोबाईल धरायला लावला आणि भाच्याकडून क्रॉस टाकून घेतले. माझं वेगळंच निघालं. मी मान बघतच नाही, मारणाऱ्याचा टेकवलेला पाय बघतो. तो पाय जिकडे वळलेला, तिकडे पळतो. आज त्या पोराला बाजूला घेऊन दाखवलं. आठ क्रॉसमध्ये तीनदा आधी पोचला, एक बाहेर मारला, दोन आत. शाळेला हो म्हणून कळवलंय, डी लायसन्सचा फॉर्म उद्या भरतो.