‘वजन वाढलं’ की ‘वजन वाढवलं’? लठ्ठपणा, अपंगत्व आणि आपली क्रियापदं

दादासाठी एक अर्ज लिहायला बसले आणि एका शब्दावर अडले, म्हणून इथं विचारते.

दादा (माझा चुलतभाऊ) पुण्यात पेठेतल्या एका कचेरीत काम करतो. इमारत जुनी, त्याचं टेबल तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वजन १३८ किलो, दोन्ही गुडघे झिजलेले. तळमजल्यावर जागा मिळेल का, असं विचारायला गेला तर साहेब म्हणाले, “वजन तुम्ही वाढवलंत, जिना आम्ही वाढवला नाही.” त्या रात्री दादा जेवला नाही.

तेव्हापासून ते ‘वाढवलंत’ मला खुपतंय. आपण ‘ताप आला’, ‘कावीळ झाली’, ‘दमा लागला’ म्हणतो. म्हणजे आजार कुठून तरी येतो आणि माणसाला गाठतो. ‘मला मधुमेह आहे’ या वाक्यात मी फक्त ‘मला’ एवढाच असतो. पण ‘मला लठ्ठपणा आहे’ असं बोलताना मी कुणाला ऐकलेलं नाही. तिथं ‘मी लठ्ठ आहे’. आणि वाढतं वजन मात्र ‘वाढवून ठेवलेलं’ असतं, जणू बँकेत ठेव ठेवावी तसं. ‘पोट सुटलं’, ‘अंग सुटलं’ हे प्रयोग वरवर निरुपद्रवी वाटतात, पण त्यातही दावं सुटलेल्या जनावराचं चित्र आहे आणि दावं कुणाच्या हातात होतं ते सांगावं लागत नाही.

गंमत नाही, खरंच नवल वाटतं की हेच शब्द माणसाच्या देहापासून दूर गेले की मानाचे होतात. पगार लठ्ठ असला तर चांगला. विद्वान जाडा असला तर मोठा. ‘खात्यापित्या घरची’ हे तर पूर्वी स्थळ सांगताना कौतुकानं म्हणत.

तर प्रश्न असा: अर्जात काय लिहू? ‘लठ्ठपणा’, ‘स्थूलता’, की सरळ ‘अपंगत्व’? हा शब्द इथं लागू होतो का?

प्रतिसाद (वैद्य, सदाशिव पेठ)

जुना शब्द ‘अतिस्थौल्य’. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात २१ वा अध्याय ‘अष्टौनिंदितीय’ आहे. देहामुळे ज्यांची निंदा होते अशी आठ माणसं त्यात सांगितली आहेत: अतिउंच, अतिबुटका, अंगभर केस असलेला, केसच नसलेला, अतिकाळा, अतिगोरा, अतिस्थूल आणि अतिकृश. ‘निंदित’ हा शब्द नीट पाहा. यातली पहिली सहा माणसं स्वतःहून तशी झालेली नाहीत, तरी तीही निंदितच. म्हणजे निंदा दोष शोधून येत नाही, नजर वेगळेपणावर अडली की येते.

स्थौल्याची कारणं देताना चरक अतिभोजन, जड-गोड-स्निग्ध आहार, व्यायामाचा अभाव, दिवसा झोप, कशाचीच चिंता नसणं, अशी यादी करतात आणि शेवटी ‘बीजस्वभाव’ म्हणतात. बीजस्वभाव म्हणजे आईबापांकडून आलेलं. आपण यादीतला पहिला शब्द लक्षात ठेवला आणि शेवटचा विसरलो. माझ्याकडे येणाऱ्या माणसांना पथ्य मी सांगतोच, ढिलाईही खपवून घेत नाही. पण एकाच घरात एकाच ताटातलं जेवून एक भाऊ काटक राहतो आणि दुसऱ्याचं अंग भरतं, हे मी रोज पाहतो.

प्रतिसाद (आहारतज्ज्ञ, कर्वेनगर)

मी ‘लठ्ठ’ आणि ‘स्थूल’ दोन्ही टाळते, कारण ते डोळ्यांना दिसतं त्याचे शब्द आहेत. आजार चरबीचा असतो, म्हणून ‘मेद’ हा शब्द बरा.

याचं उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानानं वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. पण अंगातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१ टक्के. याज्ञिकांच्या गटाला पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांतही हेच दिसलं: इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनानं बरीच हलकी, पण त्या मानानं त्वचेखालची चरबी टिकून. आईच्या पोटात असतानाच शरीराची घडण अशी ठरू लागते. त्या बाळाला ‘वाढवलंस’ कोण म्हणणार?

आणि आपण तर अंग धरलेल्या मुलाला ‘छान बाळसं धरलंय’, ‘गुटगुटीत आहे’ म्हणून दृष्ट काढतो. तोच मुलगा बारा वर्षांचा झाला की वर्गात ‘ढोल्या’ होतो. कोणत्या वाढदिवसाला शब्द बदलतो, ते मला अजून कळलेलं नाही.

प्रतिसाद (अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारा, येरवडा)

मूळ प्रश्नाकडे येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सात होते. लठ्ठपणा त्या २१ मध्ये नाही. नुसत्या वजनावर प्रमाणपत्र मिळणार नाही. गुडघ्यांमुळे हालचालीवर किती मर्यादा आली, ते मात्र ‘अस्थिव्यंग’ या सदरात तपासून घेता येईल.

शब्दांचं म्हणाल तर ‘विकलांग’मध्ये अंग विकल आहे, म्हणजे उणीव अंगातच. ‘दिव्यांग’ मला स्वतःला आवडत नाही. माझ्या पायात दिव्य काही नाही. दोन्ही शब्द अंगाभोवतीच फिरतात. कायद्याची व्याख्या तशी नाही. ती म्हणते, दीर्घकाळची कमतरता आणि भोवतालचे अडथळे यांची गाठ पडून इतरांच्या बरोबरीनं समाजात वावरता येत नसेल तर ते अपंगत्व. तुमच्या दादाच्या बाबतीत अर्धं अपंगत्व गुडघ्यात आहे आणि अर्धं त्या जिन्यात.

डेन्मार्कमध्ये बिलुंड नगरपालिकेकडे मुलं सांभाळणाऱ्या कार्स्टेन काल्टोफ्ट यांना २०१० मध्ये कामावरून काढलं. प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयात गेलं. १८ डिसेंबर २०१४ ला न्यायालय म्हणालं की लठ्ठपणा म्हणजे आपोआप अपंगत्व नव्हे, पण त्यामुळे कामात दीर्घकाळ अडथळा येत असेल तर ते अपंगत्व ठरू शकतं. आणि ते ओढवण्यात त्या माणसाचा स्वतःचा किती हात होता, यावर ते अवलंबून नाही. पुढे डेन्मार्कच्या न्यायालयानं काल्टोफ्ट स्वतः अपंग ठरत नाहीत असा निकाल दिला. तरी ते तत्त्व मला पटतं. हेल्मेटवरून पुण्यात किती वाद झाले, आपल्याला माहीत आहे. हेल्मेट न घालता पडलेल्या माणसाला अपंगत्व ‘आलं’ असंच आपण म्हणतो. प्रमाणपत्र देताना ‘तू आणलंस’ म्हणून कुणी परत पाठवत नाही.

एक काळजी मात्र बोलून दाखवतो. सरकारी नोकऱ्यांतलं राखीव प्रमाण चार टक्के आहे. उद्या प्रत्येक जास्त वजन अपंगत्व म्हणून मोजायला लागलो तर अंध आणि बहिऱ्या मुलामुलींच्या वाट्याचं आणखी आक्रसेल. म्हणून मोजायचा तो अडथळा, किलो नव्हेत.

प्रतिसाद (धनकवडी)

माझं ३१ किलो वजन कमी झालं (बघा, ‘कमी केलं’ म्हणायला मला संकोच वाटतो, आणि ‘वाढवलंस’ म्हणायला लोकांना वाटत नाही). रोज पहाटे पर्वती चढले, दोन वर्षं. तेव्हा जबाबदारी माणसाची नाहीच, असं म्हटलेलं मला चालणार नाही. त्यानं माझे ते जिने खोटे ठरतात. पण ‘जबाबदारी’त जबाब आहे, उत्तर आहे. आता पुढं काय करणार, याचं उत्तर मी द्यावं. ‘दोष’ मागचं उकरतो. साहेबांनी दादाला जबाबदारी विचारली नाही, दोष दिला. शिवाय मला चढता आलं कारण माझे गुडघे शाबूत होते.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. काल रात्री दादासमोर बसून अर्ज पुन्हा लिहिला. ‘लठ्ठपणा’ काढला, ‘अपंग’ही काढलं, ते प्रमाणपत्राच्या वेळी पाहू, ससूनला तपासणीसाठी पुढच्या आठवड्यात जाणार आहोत. वाक्य असं झालं: “माझ्या दोन्ही गुडघ्यांची झीज व वजन यांमुळे मला तीन मजले चढता येत नाहीत. माझ्या कामासाठी तिसरा मजला आवश्यक नाही. तरी माझी बैठक तळमजल्यावर करावी.”

दादानं ‘व वजन’ हे दोन शब्द स्वतः घालायला लावले. मी गाळले होते.