चांदणं नव्हे, उघडं आकाश
चांदण्यातला थर्मामीटर सावलीतल्यापेक्षा कमी तापमान दाखवतो, म्हणून चांदणं थंड असतं, असा दावा काही जण करतात. मोजमाप बरोबरच असणार, पण निष्कर्ष पटत नाही. सावली करायला आपण वर काहीतरी धरतो आणि तेच छत खालच्या वस्तूकडे उष्णता परत पाठवतं. उघड्यावरची वस्तू मात्र निरभ्र आकाशाकडे रात्रभर उष्णता फेकत राहते. मी हे मुद्दाम अमावास्येला करून पाहिलं. गच्चीवर एक पत्रा टेबलाखाली ठेवला, दुसरा उघड्यावर. पहाटे उघड्या पत्र्यावर इतकं दव होतं की बोटाने रेघ ओढता आली. टेबलाखालचा ठणठणीत कोरडा. आणि चंद्राचा पत्ताच नव्हता!

उलट चांदण्यात किंचित ऊबच असते. १८४६ मध्ये मेलोनी या इटालियन शास्त्रज्ञाने मोठ्या भिंगाने चांदणं एकवटून ती टिपली होती. पौर्णिमेचा चंद्र सूर्यापेक्षा सुमारे ४ लाख पटींनी मंद, त्यामुळे ती हाताला जाणवणं शक्यच नाही. थर्मामीटरचा तो प्रयोग स्वतः करणार असाल तर फक्त चंद्र झाकला जाईल एवढीच लहान चकती थर्मामीटरपासून लांब धरा, बाकीचं आकाश उघडंच राहू द्या.