घरी मेल सर्व्हर: हौस फार झाली का?

तापीकाठ:
परवा इथं एकाने लिहिलं, जुन्या रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा कॉम्प्युटर) पोस्टफिक्स-डव्हकॉट ही मेल सर्व्हरची सॉफ्टवेअरं टाका, दुपारभरात स्वतःचा मेल सुरू, कंपन्यांची गुलामी खलास. डोकंच फिरलं वाचून. भाऊ, टाकेल तर कोणीही, पुढचं कोण निस्तरणार? घरगुती कनेक्शनला बहुतेक ठिकाणी सर्व्हरचा मेल ज्यातून बाहेर जातो तो २५ नंबर पोर्ट बंद, सीजीनॅटमुळे (एकच आयपी अनेक घरांत वाटलेला) स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, नाही, पैसे भरून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, घेतला आणि रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) करून द्या म्हटलं की पलीकडून विचारतात, सर राउटर बंद-चालू करून पाहिला का?

यावलचा केळीवाला:
मग काय फुकटचं जीमेल वापरून गप बसायचं? माझं चालू आहे. येणारा मेल घरी, जाणारा रिलेमधून, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून. मेल खरंच आपलाच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या नोंदी नीट लावा, झालं.

भुसावळकर:
ते एसपीएफ राहू द्या, लाईटचं बोला आधी. मे महिन्यात ४५ डिग्री, जरा वारं सुटलं की लाईट गुल. इन्व्हर्टरवर पंखा चालवू का तुमचा सर्व्हर?

यावलचा केळीवाला:
लाईट गेल्याने मेल हरवत नाही हो. पाठवणारा सर्व्हर रांगेत ठेवतो आणि चार-पाच दिवस परत परत ट्राय करतो. आणि रास्पबेरी पाय वीज खातो किती? पंख्यापुढे काहीच नाही.

भुसावळकर:
वॅट मला नका शिकवू! गल्लीच्या तोंडाशी इंटरनेटवाल्याचा डबा आहे, त्याला कुठला बॅकअप? आमचे काका रात्री दोनला उठून मोटर चालू करायला शेतात जातात, कारण शेतीची लाईट तेव्हाच. आणि इथं सर्व्हर!

धुळ्याचा आप्पा:
आमच्याकडे बी तेच. मी तर कंटाळून मोठी बॅटरीच घेतली.

तापीकाठ:
लाईटवरून भांडा खुशाल. पण रिले म्हणजे प्रत्येक मेल तिसऱ्याच्याच हातातून ना, मग कसली आझादी? आणि सरळ पाठवाल तर घरगुती आयपीच्या रेंजच्या रेंज स्पॅमहाउस या स्पॅमवर नजर ठेवणाऱ्या संस्थेच्या पीबीएल यादीत (ज्यांवरून सरळ मेल येऊ नये असे आयपी) असतात, तुम्ही कितीही सज्जन असा. आमच्या मेव्हण्याने घरच्या सर्व्हरवरून व्यापाऱ्याला केळीचा भाव पाठवला, पडला स्पॅममध्ये, गाडी भरली दुसऱ्याने.

यावलचा केळीवाला:
भाव फोनवर सांगतात राजे हो! रिले नाही पटला तर उद्या बदलतो, पत्ता माझ्याच डोमेनचा, म्हणजे नेटवर मी घेतलेल्या नावाचा, राहतो. तुमचं अकाउंट बंद पडलं तर कोणाच्या दारात जाणार?

तापीकाठ:
डोमेनचं बरोबर आहे, घ्या, सत्कार करू तुमचा. पण स्वतःच्या डोमेनला घरात सर्व्हर कशाला पाहिजे? पैसे भरून त्याचा मेल कुठल्याही कंपनीकडे ठेवता येतो.

भुसावळकर:
ते जाऊ द्या. आप्पा, बॅटरी दीडशे एएचची का? कितीला पडली?